अद्भुताचे वावडे

मराठी मध्यमवर्गीय घरांत हल्ली दोन तक्रारी हटकून ऐकू येतात. पहिली, मुले वाचीत नाहीत. दुसरी, वाचलेच तर मराठी वाचीत नाहीत. बोलणारे गिरगावातले असोत, दादरचे असोत, की परळ-लालबागेत चाळींच्या जागी उठलेल्या उंच इमारतींत नुकतेच राहावयास गेलेले असोत, ह्या एका बाबतीत सर्वांचे एकमत आहे. दोष कोणाचा हेही ठरून गेले आहे. तो मुलांचा, त्यांच्या हातांतल्या मोबाइलचा आणि इंग्रजी शाळांचा. फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश ही तिन्ही कामे आपणच केल्यावर निकाल आपल्या बाजूने लागावा, ह्यात नवल ते काय?

हा निकाल आम्हांस मान्य नसल्यामुळे गेल्या उन्हाळ्याच्या सुटीतला एक सबंध महिना आम्ही ह्या एका कामी लावला. बारा ते सतरा वर्षांची मुले जी पुस्तके मनापासून वाचतात ती आम्ही वाचली. आणि त्यांच्या जोडीला, त्याच वयात आम्ही स्वतः ज्यांवर जीव टाकीत होतो ती पुस्तके पुन्हा काढून वाचली. एका बाजूस हॅरी पॉटरचे सात भाग, अर्सुला ले ग्विन यांची ‘अर्थसी’ द्वीपांची कथा, रिक रायर्डन यांचा पर्सी जॅक्सन आणि रोशनी चोक्शी यांची अरू शाह; दुसऱ्या बाजूस अरबी गोष्टींचे जुने मराठी भाषांतर, नाथमाधवांचा ‘वीरधवल’ आणि भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न. महिनाअखेर आमचे जे मत बनले ते आम्ही आडपडदा न ठेवता सांगतो. मुले वाचीत नाहीत हे खोटे आहे. हॅरी पॉटरचा पाचवा भाग साडेसातशेहून अधिक पानांचा आहे आणि तो वाचणारी मुले दादरच्या प्रत्येक गल्लीत सापडतात. ती मराठी वाचीत नाहीत हे खरे आहे; पण त्याचे कारण त्यांना मराठीचे वावडे आहे हे नसून, मराठी ग्रंथकारांस, टीकाकारांस आणि पालकांस अद्भुताचे वावडे आहे, हे होय.

हे वावडे आजचे नव्हे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली निघाली व नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली. मराठी कादंबरी नुकती कोठे पाऊल टाकू लागली होती, तोच १८७२ साली काशीनाथ बापूजी मराठे यांनी ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ लिहून तिच्या असंभाव्य कथानकांची झडती घेतली. पुढे हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात येऊ लागली आणि वास्तवाने मराठी कादंबरीवर आपला शिक्का उमटविला. हे झाले ते योग्यच झाले. बालविधवेच्या वाट्याला येणारे दुःख उडत्या घोड्यावर बसून सांगता आले नसते, आणि हरिभाऊंचे ऋण नाकारण्याइतके कृतघ्न आम्ही नाही. परंतु औषध गुणकारी निघाले म्हणून त्याचेच जेवण करावयाचे नसते. वास्तव हा वाङ्मयाचा एक थोर प्रकार आहे, ह्या विधानाचे बघता बघता ‘वास्तव हेच वाङ्मय’ असे रूपांतर झाले, आणि अद्भुताची रवानगी माजघराबाहेरच्या ओटीवर झाली.

ज्यांच्या विद्वत्तेविषयी कोणास शंका नाही अशा माणसांस मात्र हे वावडे नव्हते. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी सॉक्रेटिसाचे चरित्र लिहिले, मराठी व्याकरणाचा कीस काढला, मेघदूताचे मराठी रूप सिद्ध केले. आणि त्याच लेखणीने अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणावयास घेतल्या. ते काम त्यांच्यामागे त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले यांनी तडीस नेले. ज्या विष्णुशास्त्र्यांच्या निबंधमालेपुढे भलेभले चळाचळा कापत, त्यांना सिंदबादाच्या सफरीस हात लावताना कमीपणा वाटला नाही. तो पुढे त्यांच्या वाचकांच्या नातवंडांस वाटू लागला.

नाथमाधवांचेच पाहा. मुंबईचे हे गृहस्थ १९०५ साली सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले आणि कमरेखाली कायमचे अधू झाले. अंथरुणास खिळलेल्या ह्या माणसाने लिहावयास घेतले, आणि १९१३ साली ‘वीरधवल’ लिहून महाराष्ट्रातल्या मुलांस भुयारे, तलवारी, वेषांतरे आणि भरधाव घोडे दिले. आम्ही तो ग्रंथ ह्या महिन्यात पुन्हा वाचला. त्यातली वर्णने लांबली आहेत, योगायोग वाजवीपेक्षा अधिक आहेत, स्त्रीपात्रांस सद्गुणांखेरीज फारसे काही करावयास दिलेले नाही, हे सर्व कबूल. पण एक प्रकरण संपले की दुसरे उघडल्यावाचून राहवत नाही, हा गुण शंभर वर्षांनंतरही शाबूत आहे. गो. ना. दातारांच्या ‘कालिकामूर्ति’ व ‘इंद्रभुवनगुहा’ ह्या कादंबऱ्यांचीही हीच कथा. ग्रंथालयांत ज्यांची पाने वाचून वाचून विटली, त्यांस वाङ्मयाच्या पंगतीत मात्र शेवटचे पान मिळाले. घरात उशीखाली ठेवून वाचावयाचे आणि सभेत नाक मुरडावयाचे, असा हा दुटप्पी व्यवहार आपण पिढ्यान्‌पिढ्या केला.

त्याचे फळ आजच्या मुलांच्या पदरात पडले आहे. मराठी मुलाच्या वाचनाची शिडी कशी आहे ती पाहू. खालच्या पायऱ्या बऱ्या होत्या, काही अजून आहेत. मद्रासेहून निघणारा ‘चांदोबा’ १९५२ पासून साठ वर्षे विक्रमाच्या खांद्यावर वेताळ बसवून घरोघर येत होता. तो आता बंद पडला. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून चालू आहे. ताम्हनकरांचा गोट्या आहे, भागवतांचा फास्टर फेणे आहे. आणि त्यानंतर? त्यानंतरची पायरी एकदम ‘स्वामी’, ‘मृत्युंजय’ आणि ‘छावा’ ह्यांची. पैकी पहिले १९६२चे, दुसरे १९६७चे, तिसरे १९७९चे; आणि तिन्ही प्रौढांसाठी लिहिलेली. मधल्या पाच-सहा वर्षांसाठी, म्हणजे माणसाच्या वाचनाची भूक जेव्हा सर्वांत तीव्र असते त्या वयासाठी, मराठीत सलग, भरघोस, स्वतंत्र अशी अद्भुतकथा शोधू लागावे तर हातांच्या बोटांवर मोजण्याइतकीही लवकर आठवत नाही. शिडीची मधली पायरी तुटलेली आहे. मूल वर चढताना पाय घसरून पडत नाही. ते शहाणे असते, ते शेजारच्या शिडीवर जाते. आपण खालून ओरडतो, ‘पाहा, मराठी सोडली!’

शेजारच्या शिडीवर त्याला काय मिळते, हे पाहण्यासाठी तर आम्ही हा खटाटोप केला. तेथे सर्व सोनेच आहे असे आम्ही म्हणत नाही. भविष्यवाणीने नेमलेला एकुलता एक तारणहार, त्याचे दोन विश्वासू मित्र, एक पांढऱ्या दाढीचा गुरू आणि भाग संपता संपता पुढील भागाची जाहिरात, हा साचा इतक्या वेळा वापरला गेला आहे की सहाव्या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात आम्हांस शेवट सांगता येऊ लागला. बाजाराने लांबविलेली पुस्तके लांबविलेल्या कीर्तनासारखीच कंटाळवाणी होतात. परंतु ह्या ढिगात जे खरे आहे ते खरोखर खरे आहे. १९९७ ते २००७ ह्या दहा वर्षांत निघालेल्या हॅरी पॉटरच्या सात भागांत जादूच्या कांड्या पुष्कळ असल्या तरी ती कथा मुळात एका पोरक्या मुलाने मृत्यूकडे पाहावयास शिकण्याची आहे. ले ग्विनबाईंच्या १९६८ सालच्या पुस्तकातला गेड हा गर्विष्ठ मुलगा आपल्या विद्येची ऐट दाखविण्याच्या भरात एक काळी छाया जगात सोडतो, तिच्यापासून पळतो, मग उलटून तिचाच पाठलाग करतो, आणि समोरासमोर गाठ पडते तेव्हा तिला स्वतःच्याच नावाने हाक मारतो. आत्मपरीक्षणावर शंभर प्रवचने ऐकून चौदा वर्षांच्या मुलास जे कळणार नाही ते येथे एका हाकेत कळते. आणि लेखिका खाली ‘तात्पर्य’ म्हणून एक ओळही छापीत नाही.

अरू शाहची गोष्ट आम्हांस अधिक झोंबली. २०१८ साली अमेरिकेत निघालेल्या ह्या पुस्तकात अटलांटा शहरातील बारा वर्षांची एक मुलगी संग्रहालयातला दिवा लावते, त्यातून एक संकट जागे होते, आणि पांडवांचे आत्मे नव्या जन्मी मुली होऊन त्याच्याशी लढावयास निघतात. पुस्तक चुरचुरीत आहे. पण विचार करा : ज्या महाराष्ट्रात कीर्तनकारांनी, शाहिरांनी आणि दशावतारी मंडळींनी शेकडो वर्षे पांडव घरोघर पोहोचविले, त्या महाराष्ट्रातल्या दादरच्या मुलीला जिवंत, हसणारे, चुकणारे पांडव हवे असतील तर ते अटलांटामार्गे, इंग्रजीतून मागवावे लागतात! आपण तिला महाभारत देतो ते एक तर पूज्य म्हणून, नाहीतर परीक्षेस नेमलेले म्हणून.

येथे कोणी म्हणेल की, भाषांतरे आहेत ना? आहेत, आणि काही उत्तम आहेत. हॅरी पॉटरच्या पहिल्या भागाला मराठीत नाव मिळाले ‘हॅरी पॉटर आणि परीस’. तत्त्वज्ञाचा दगड वगैरे शब्दशः ओझे न वाहता संतांच्या वाणीत मुरलेला तो दोन-तीन अक्षरी शब्द उचलला, तेव्हाच ह्या भाषेला हे काम परके नाही हे सिद्ध झाले. टोल्किनची अंगठीची महाकथाही ‘स्वामी मुद्रिकांचा’ ह्या नावाने मराठीत आली आहे. परंतु भाषांतराचा पाहुणा कितीही गोड असला तरी घर पाहुण्यांवर चालत नाही. अरबी गोष्टी भाषांतरित, दातार रेनॉल्ड्सवरून रूपांतरित, भागवतांचा ‘चंद्रावर स्वारी’ आणि ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ व्हर्नवरून! दीडशे वर्षे आपण अद्भुत आणले ते बहुतांशी उसने. घरचे पिकविण्याची लाज वाटत होती, हेच त्याचे कारण.

आता दोन आक्षेपांस उत्तर देणे प्राप्त आहे. पहिला आक्षेप बोधवादी पालकांचा : अशा पुस्तकांतून मुलांनी घ्यावयाचे काय? ह्या प्रश्नानेच मराठी बालवाङ्मयाचा अर्धा जीव घेतला आहे. विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ साली मुंबईत ‘बालबोध’ मासिक काढले, तेव्हा नावातच बोध होता आणि त्या काळी तो शोभलाही. मुलांसाठी काही लिहावे हीच तेव्हा नवी गोष्ट होती. परंतु आपण अजून त्याच फळ्यापुढे उभे आहोत. मुलाने पुस्तक मिटले की ‘काय शिकलास?’ असे विचारणारा बाप हा जेवण संपताच मुलाचे वजन करणाऱ्या बापासारखा होय. अंगी लागावयाचे ते लागते. त्याला वेळ द्यावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक आदरणीय आहे, कारण तो विचारी घरांतून येतो. बुवाबाजीशी लढण्यात ज्या महाराष्ट्राने २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांसारखा माणूस गमावला, आणि ज्याने त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा केला, त्या महाराष्ट्रात मुलांच्या हाती चेटक्यांची पुस्तके देणे हे विवेकाशी द्रोह नव्हे काय? आमचे उत्तर असे की, नव्हे; उलट ते विवेकाचे शिक्षण आहे. अद्भुतकथा ‘असे समज’ म्हणते. बुवा ‘असे आहे’ म्हणतो. कथा पहिल्या वाक्यापासून आपण कथा असल्याचे सांगून टाकते, आणि मोबदल्यात तिकिटाएवढेच मागते. बुवा आपली कथा सत्य म्हणून विकतो आणि घरदार मागतो. बनावट नाणे ओळखावयाचे तर हाताला खऱ्या नाण्याची सवय पाहिजे. ज्या मुलाने राक्षस, यक्ष, उडते गालिचे ह्यांचा कल्पनेतच मनसोक्त उपभोग घेतला आहे, त्याला अंगाऱ्यातून चमत्कार काढणारा माणूस पाहून विस्मय वाटत नाही. गोष्ट बेतल्याची खूण त्याला चटकन पटते. कल्पनेची भूक उपाशी ठेवली म्हणजे मरत नाही, ती भलत्या दारी जाते.

आणि हे अद्भुत मराठी माणसाच्या प्रकृतीस मानवत नाही असे तरी कसे म्हणावे? लालबागेत गणेशोत्सवाच्या दिवसांत जाऊन पाहा. गणेश गल्लीचे मंडळ १९२८चे, लालबागच्या राजाचे १९३४चे. तेथल्या भव्य मूर्ती आणि देखावे पाहावयास घरेच्या घरे मुलांस खांद्यावर घेऊन तासन्‌तास रांगेत उभी राहतात. परळच्या दामोदर नाट्यगृहात १९२२ पासून २०२३ साली ते बंद होईपर्यंत कोकणातल्या गिरणीकामगारांच्या नमनांनी आणि दशावतारांनी रात्री जागविल्या. तेथला संकासूर पाहून मुले घाबरली आणि पुन्हा पाहावयास आली. रंगभूमीवाल्यांनी तर हे केव्हाच ओळखले. गिरगावच्या मुंबई मराठी साहित्य संघाच्या आश्रयाने सुधा करमरकरांनी १९५९ साली ‘मधुमंजिरी’ रंगविली, ती लिहिणारे रत्नाकर मतकरी पुढे ‘निम्मा शिम्मा राक्षस’ आणि ‘अलबत्या गलबत्या’ देऊन गेले. आणि ह्या शेवटच्या नाटकातली चेटकीण २०१८ साली पुन्हा रंगमंचावर आली तेव्हा शिवाजी मंदिरात मुलांची झुंबड उडाली. नाटके मराठीतच होती. मुलांनी मराठी सोडली असती तर ही झुंबड कोणाची होती? जेथे अद्भुत आहे तेथे मुले आहेत. छापील पुस्तकाच्या वाटेवरच ती दिसत नाहीत, कारण तेथे आपण पहारा बसविला आहे.

बालपणीच्या आवडत्या पुस्तकांचे गोडवे गाणाऱ्यांसही येथेच एक शब्द सांगून ठेवतो. आपला फास्टर फेणे मुलाच्या हाती देणे चांगले. पण तो वडिलोपार्जित दागिना म्हणून द्यावयाचा, आणि मूल त्यात रमले नाही की पिढीच बिघडली म्हणून उसासे टाकावयाचे, हा वाचनाचा प्रसार नव्हे, स्वतःच्या बालपणाची पूजा होय. भागवतांनी १९५१ साली ‘बालमित्र’ मासिक काढले ते आपल्या बालपणीची पुस्तके मुलांच्या माथी मारण्यासाठी नव्हे; समोरच्या मुलांस काय हवे ते त्यांनी पाहिले आणि ते त्यांच्या भाषेत लिहिले. त्यांचा मान राखावयाचा असेल तर त्यांची पुस्तके कपाटात लावून भागणार नाही, त्यांचे काम पुढे चालवावे लागेल.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि साध्या आहेत. प्रकाशकांनी बारा ते सतरा वर्षांच्या वाचकांसाठी स्वतंत्र, लांब पल्ल्याच्या अद्भुतकथा लिहवून घ्याव्यात आणि लेखकांस त्यांचा रास्त मोबदला द्यावा. ग्रंथालयांनी मुलांची पुस्तके कुलपातून बाहेर काढावीत. १८९८ पासून ह्या शहरात मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय उभे आहे, १९११ साली ना. म. जोशींनी सोशल सर्व्हिस लीग स्थापून कामगारवस्तीत वाचनाची सोय केली. ही परंपरा ज्या शहराची, तेथे एका वाचनालयात बालविभागाचे कपाट ‘किल्ली साहेबांकडे आहे’ म्हणून बंद राहावे, हे आम्ही ह्याच महिन्यात पाहिले. टीकाकारांनी कुमारांच्या पुस्तकाचे परीक्षण प्रौढांच्या पुस्तकाइतक्याच कडकपणे आणि तितक्याच जागेत करावे. ‘मुलांना आवडेल’ हे परीक्षण नव्हे, हात झटकणे होय. आणि पालकांनी बोध विचारू नये.

ह्या विषयावर आपल्याच भूमीतली एक जुनी कथा आहे. पैठणच्या सातवाहन राजाच्या काळी गुणाढ्याने बृहत्कथा रचली, असे कथासरित्सागरात सांगितले आहे. विद्याधरांच्या अद्भुतांनी भरलेले सात लक्ष श्लोक, पैशाची भाषेत, स्वतःच्या रक्ताने लिहिलेले. दरबारास भाषा हलकी वाटली, राजाने ग्रंथ परत केला. गुणाढ्य डोंगरावर गेला. एकेक पान तो पशुपक्ष्यांस वाचून दाखवी आणि अग्नीत टाकी. ऐकण्याच्या नादात प्राणी चरेनासे झाले. राजा आजारी पडला. ताटात कोरडे मांस येते अशी तक्रार निघाली, शिकाऱ्यांपर्यंत चौकशी गेली, आणि राजा धावत डोंगरावर पोहोचला तोवर सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. उरलेल्या एकावर पुढे सबंध कथासरित्सागर उभा राहिला.

मुले मराठी वाचीत नाहीत ही आपली तक्रार म्हणजे त्या राजाच्या ताटातले कोरडे मांस आहे. आचाऱ्यावर रागावून काही व्हावयाचे नाही, शिकाऱ्यावरही नाही. परत केलेला ग्रंथ कोणता, तो कोणी परत केला आणि का, ह्याची चौकशी केली पाहिजे. आणि ती पान शिल्लक आहे तोवर केली पाहिजे.